पिठावरची पावलं

माझे वडील झुरळांवर जेवढे चिडायचे तेवढे माणसांवर कधीच चिडले नाहीत. कागदाच्या मिलमध्ये हाताखालच्या लोकांनी अख्खं रीळ वाया घालवलं तरी ते शांतपणे चहा पीत बसायचे, असं त्यांचे जुने सोबती सांगतात. पण आमच्या ओट्यावरून एक झुरळ सरकलं की या माणसाच्या अंगात यायचं. दारामागे त्यांची सुरळी ठेवलेली असे. जुन्या वर्तमानपत्राची, घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधलेली. चपलेने मारणं त्यांना पटत नसे, कारण तीच चप्पल पुन्हा पायात घालायची असते. मिलमधून आणलेला कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा कपाटात होता, त्याला मात्र कोणी हात लावायचा नाही. आयुष्यभर ज्याच्यासाठी घाम गाळला तो कागद झुरळासाठी नाही, असं त्यांचं म्हणणं.

मिलच्या क्वार्टरमध्ये आम्हाला हा त्रास फारसा नव्हता. वडील रिटायर झाले, आम्ही बुऱ्हाणपूरला बुधवारा मोहल्ल्यात खालच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो आणि झुरळं आमच्या घरातली झाली. आमच्या मोरीखालून एक जुनी झाकलेली नाली जाते. माझ्या मते सगळं मूळ त्या नालीत होतं. वडिलांच्या मते मूळ माझ्यात होतं. मी केळीच्या मंडीत एका आडत्याकडे काम करते, ट्रकांच्या नोंदी बघते, आणि संध्याकाळी येताना जास्त पिकलेली एखादी फणी घरी आणते. ती केळी झुरळांना आवतण देतात, असं वडील म्हणायचे. आईच्या मते आम्ही दोघं डब्यांची झाकणं नीट लावत नव्हतो, एवढीच गोष्ट होती. मी लग्न केलं नाही, त्यामुळे भांडायला घरात आम्ही तिघंच होतो आणि विषयही बहुतेक हाच असे.

उपाय सगळे झाले. तेजपत्ता, डांबरगोळ्या, खडूच्या रेघा, नालीत उकळतं पाणी. वडिलांचा सगळ्यात आवडता उपाय म्हणजे बोरिक पावडरच्या गोळ्या. कणीक, साखर, थोडं दूध आणि बोरिक पावडर असं मळून ते ओळीने गोळ्या वळत बसायचे, सगळ्या एकसारख्या, आणि सिलेंडरमागे, कपाटाच्या कोपऱ्यात, मोरीच्या कडेला मांडायचे. दिवाळीत लाडू वळायला बोलावलं तर यांचे हात दुखतात, हे आई दर वेळी ऐकवायची. ते मान खाली घालून हसायचे आणि पुढची गोळी वळायचे. महिनाभर झुरळं कमी व्हायची. मग पुन्हा एखादं ओट्यावर मिशा हलवत दिसायचं आणि सुरळी बाहेर निघायची. आई म्हणायची, निघाले शिकारीला.

आईला झुरळांचं काही वाटत नसे. दिसलं तर केरसुणीचा एक फटका, नाही दिसलं तर नाही. तिचा जीव वडिलांमध्ये होता, आणि त्यांना काही तरी उद्योग आहे एवढंच तिला पुरे होतं.

ते गेले तो दिवस अगदी साधा होता. सकाळचा चहा झाला होता. मधल्या खोलीतल्या दिवाणावर ते टेकून बसले होते, आई आत भाजी निवडत होती. तिने काही तरी विचारलं, उत्तर आलं नाही. तिला वाटलं डोळा लागला. मी मंडीतून धावत आले तेव्हा ती त्यांच्या शेजारी बसून होती आणि त्यांच्या हातातली कपबशी तिने काढून स्वतःच्या मांडीवर धरली होती. बशीत टोस्टचा तुकडा होता. ते टोस्ट नेहमी बशीत भिजवून खायचे.

आमच्यात एक रीत आहे. माणूस जिथे जातो तिथे दिवा ठेवतात, आणि दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी त्या दिव्याशेजारी ताटात चाळलेलं पीठ पसरतात. हाताने अगदी सारखं करतात, त्यावर टोपली उपडी घालतात आणि खोलीचं दार लोटून घेतात. सकाळी टोपली उचलली की पिठावर जी पावलं दिसतील त्या जन्माला माणूस गेला असं समजायचं. गाईचं खूर, पाखराचे पाय, लहान मुलाचं पाऊल, काहीही असू शकतं. मी या गोष्टी मानत नाही. पण त्या दहा दिवसांत माणूस काय मानतो आणि काय नाही याला काही अर्थ नसतो. सांगितलेलं करायचं आणि पुढचं काय ते विचारायचं, एवढंच चालू असतं.

पावलं वाचायचा मान आमच्या आत्याचा. ती वडिलांची थोरली बहीण, इच्छापूरला दिलेली, केळीच्या बागांमध्ये आयुष्य काढलेली. भावकीत कोणीही गेलं की टोपली तीच उचलते. तिच्या हातून आजवर कोणी वाईट जन्माला गेलेलं नाही. तिच्या सासऱ्यांना वासराचं खूर मिळालं, एका चुलत्याला मोर. हा चुलता बायकोला उभा जन्म छळून गेला होता, तरी मोर. आत्याचा जीव मोठा आहे, ती कोणाला मुंगीसुद्धा होऊ देत नाही.

त्या सकाळी आम्ही सगळे वाकून उभे होतो. पुण्याहून आलेला माझा भाऊ, त्याची बायको, आई, मी. आत्याने टोपली उचलली. पिठावर बारीक टिंबांच्या ओळी होत्या. ताटाच्या कडेने गेलेल्या, मध्येच एक गोल फेरा घेतलेल्या, आणि दोन ओळींच्या मधून काही तरी ओढत नेल्यासारखी पुसट रेघ. आमच्या घरात राहणाऱ्या कोणालाही ते काय आहे हे सांगायची गरज नव्हती. आत्याने क्षणभर बघितलं आणि पाखरू म्हणून जाहीर केलं.

"ताई, पाखरू नाही ते," आई म्हणाली. "झुरळ हाये."

मला हसू फुटलं. आवरेना. ज्या माणसाने आयुष्यभर सुरळी घेऊन झुरळं मारली तो झुरळ झाला, हे कोणी त्यांनाच सांगितलं असतं तर त्यांनी काय तोंड केलं असतं ते माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी पदरात तोंड खुपसलं, सगळ्यांना वाटलं मी रडते आहे, आणि मग मी खरंच रडायला लागले.

तेरावं झालं, माणसं गेली. दुसऱ्या दिवशी ओट्यावर झुरळ दिसलं म्हणून मी दारामागची सुरळी घेतली. आईने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि कपाटात कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवून दिली. त्या दिवसापासून आमच्या घरात झुरळ मारणं बंद झालं.

मी आधी मनावर घेतलं नाही. चार दिवसांचं असतं, जाईल, असं वाटलं. पण ती सकाळी चहाला बसली की टोस्टचा एक तुकडा बशीत भिजवून मोरीच्या कडेला ठेवायला लागली. आणि ती जमात तर आमंत्रणाचीच वाट बघत होती. आधी अंधार पडल्यावर निघायची ती दिवसाढवळ्या फिरायला लागली. डब्यांच्या मागे, देवघरातल्या पोथ्यांखाली, घड्याळाच्या आत. मी भाकरीचं टोपलं उघडायला बिचकायला लागले. एकदा मंडीत डबा उघडला तर झाकणातून एक बाहेर पडलं, आणि सगळ्या हमालांसमोर माझी शोभा झाली. घरी येऊन मी आईवर ओरडले. ती शांतपणे म्हणाली, डबा घासून देते. मी हात टेकले.

मला तिच्याशी भांडता येत होतं, पण तिला हरवता येत नव्हतं. मी म्हणावं, घरात शेकड्याने झुरळं आहेत, तुझ्या मते वडील त्यातले कोणते. तिने म्हणावं, म्हणून तर एकालाही मारायचं नाही. एकदा मी चिडून म्हटलं की बाबांना हे कळलं तर ते पहिल्यांदा स्वतःलाच सुरळीने मारून घेतील. ती हसली. वडील गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली होती, म्हणून मी पुढे काही बोलले नाही.

मग तिचा खोकला सुरू झाला. पावसाळा संपता संपता तो छातीत उतरला. बोलताना धाप लागायची, जिन्याची पायरी सोडा, मोरीपासून दिवाणापर्यंत येताना ती भिंतीला हात लावून थांबायची. डॉक्टरांनी छाती तपासली, वाफेचं मशीन लिहून दिलं आणि घरात झुरळं आहेत का विचारलं. आई छताकडे बघायला लागली. मी सांगितलं, आहेत. डॉक्टर म्हणाले, त्यांची घाण आणि त्यांच्या अंगाची सालं धुळीत मिसळतात, ती श्वासातून जातात, काहींना त्यानेच दमा होतो. औषधं देतो, पण घर आधी साफ करा, नाही तर या औषधांचा काडीचा उपयोग नाही. रिक्षात आईने माझ्याकडे बघितलं नाही. घरी आल्यावर तिने नेहमीप्रमाणे बशी भरली.

पुढचे काही आठवडे मी तिला मशीनच्या वाफेत तोंड धरून बसलेली बघत होते. नाकाला तो प्लास्टिकचा मास्क, छाती वरखाली होते आहे, आणि मोरीच्या कडेला बशीभोवती झुरळांची पंगत. एक दिवस मला ते सहन झालं नाही. जे मी आजवर बोलले नव्हते ते बोलायचं ठरवलं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की ती टोपली मोरीमागच्या फळीवरची होती, आणि त्या फळीवर झुरळांशिवाय कोणी राहत नव्हतं. टोपली पिठावर उपडी घातली तेव्हाच झुरळ आत होतं. यात वडिलांचा काही संबंध नव्हता. हे तिला सांगणं म्हणजे तिच्याजवळ उरलेलं एवढंसंही काढून घेणं होतं, म्हणून मी इतके महिने गप्प होते. पण मला तिचा श्वास हवा होता. मी तिच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं.

तिने मास्क बाजूला केला. मशीन घरघरत राहिलं.

"मले माहीत हाये," ती म्हणाली. "टोपली मीच काढून देली व्हती ना. त्यात बसेल व्हतं ते. दिसलं मले. मी झटकली नाही."

मी का म्हणून विचारलं.

"पीठ कोरं निघालं असतं त?" ती थांबून थांबून बोलत होती. "सगळे पाहतील, अन काहीच नसंन. कोरं पीठ पाहायची ताकद नव्हती माझ्यात. म्हटलं, काही तरी चालू दे त्याच्यावरून."

मी विचारलं, मग माहीत असून मारू का देत नाहीस.

तिने बराच वेळ मशीनची नळी हातात फिरवली. "तू सकाळी मंडीत जाती," ती म्हणाली. "मग दिवसभर या घरात दुसरं काहीच हलत नाही."

मी तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. तिने माझ्या केसांतून हात फिरवला, केस किती गळतात ते सांगितलं, आणि मग म्हणाली की बस झालं आता, बोलाव त्या झुरळांच्या औषधवाल्याला.

तो माणूस आला तेव्हा आईने त्याला स्वतः सगळं घर दाखवलं. कुठे जास्त आहेत, कुठून येतात, दुपारी कुठे बसतात, सगळं. शेवटी तिच्याएवढी ओळख कोणाची होती? त्याने कपाटांच्या बिजागऱ्यांमध्ये औषधाचे थेंब लावले, नालीत फवारा मारायची तयारी केली आणि सांगितलं, "अम्मा, खाने का सब ढांक दो, और शाम तक घर बंद रखना." आम्ही बसने इच्छापूरला आत्याकडे गेलो. आत्याने वांग्याचं भरीत केलं होतं. आई नीट जेवली. आम्ही कशासाठी आलो आहोत हे तिने आत्याला सांगितलं नाही, मीही नाही.

संध्याकाळी दार उघडलं तर सगळीकडे झुरळं उताणी पडली होती. काहींचे पाय अजून हलत होते. मी केरसुणी घेतली तर आईने ती माझ्याकडून घेतली. तिने एक एक खोली झाडली, दमली की बसली, पुन्हा उठली. सगळी सुपलीत गोळा करून तिने कपाट उघडलं, तो मिलचा कोरा गठ्ठा काढला, त्यातला एक मोठा कागद पसरला, त्यात ती ओतली आणि चारी कोपरे नीट दुमडले. सकाळी कचऱ्याची गाडी आली तेव्हा ती पुडी तिने स्वतः नेऊन दिली. मग ती डोक्यावरून अंघोळ करून आली, ओले केस तसेच सोडून दिवाणावर बसली, आणि मला म्हणाली की आज चहा तू कर.

तिचा दमा उतरला. महिन्याभरात मशीन कपाटावर गेलं. औषधवाला ठरल्याप्रमाणे येत राहिला, फळ्या, टोपल्या, नाली सगळं झालं. घर असं स्वच्छ झालं की वडील असते तर त्यांना काम उरलं नसतं. मी मंडीतून निघताना एक फोन करायला लागले, मग दुपारीही एक. काय करते आहेस विचारलं की ती म्हणायची, बसले आहे. आणखी काही विचारायला मला सुचायचं नाही. मी केळ्यांचे भाव सांगायचे. ती ऐकून घ्यायची.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. श्वासाने नाही, हृदयाने. दुपारच्या जेवणानंतर आडवी झाली ती उठली नाही. मी दुपारचा फोन केला होता, तो वाजत राहिला.

पुन्हा भाऊ आला, आत्या आली. आत्याला आता कमी दिसतं, पण टोपली उचलायला तीच हवी होती. दहाव्याच्या आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर मी पीठ चाळलं. मोरीमागच्या फळीवरून टोपली काढली. तीच टोपली. ती उलटी केली, आत बघितलं, उजेडाकडे धरून काड्यांच्या फटीत बघितलं. काही नव्हतं. नुसता औषधाचा वास येत होता.

मी टोपली खाली ठेवली आणि मोरीखाली वाकले. मोबाइलची बॅटरी लावून नालीच्या झाकणाखाली बघितलं. सिलेंडर सरकवला. कपाटाच्या मागे हात घातला, घड्याळ काढून उलटं केलं, देवघरातल्या पोथ्या उचलल्या. एक झुरळ हवं होतं मला. एवढ्या मोठ्या घरात एक. भाऊ दारात येऊन विचारून गेला की काय हरवलं आहे, मी काही नाही म्हटलं. एकदा तर मनात आलं की शेजारी जाऊन मागावं, त्यांच्याकडे नक्की असतील. पण सुतकातल्या बाईने शेजारच्या दारात उभं राहून काय म्हणायचं, एक झुरळ द्या? शेवटी एक पिकलेलं केळं सोलून मोरीच्या कडेला ठेवलं आणि समोर बसून राहिले. कोणी आलं नाही. आत्याने आतून हाक मारली की दिवेलागण झाली, पीठ झाकायला ये. मी पीठ सारखं केलं आणि टोपली उपडी घातली.

सकाळी आत्याने ती उचलली. पिठावर माझ्या बोटांनी सारखं केल्याच्या खुणासुद्धा दिसत नव्हत्या, इतकं ते गुळगुळीत होतं. आत्या जवळ वाकली, डोळे बारीक केले, ताट उजेडाकडे फिरवलं. पाखरू म्हणायलासुद्धा काही नव्हतं.

"मोक्ष झाला," आत्या म्हणाली. "सुटली बिचारी. असं नशीब लाखात एखाद्याचं."

भावाने हात जोडले. त्याच्या बायकोने डोळे पुसले. सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान आलं, आणि मी त्या कोऱ्या पिठाकडे बघत उभी राहिले. मला तिचा मोक्ष नको होता. मला आई हवी होती. सहा पायांनी आली असती तरी चाललं असतं.